दोनातलं एक सांगा

माणूस जन्माला आलं की लोक पहिला प्रश्न कोणता विचारतात? नीट आहे का? रडलं का? बाळंतीण कशी आहे? छे! नाव नको त्याचं. "काय झालं?" एवढंच. जणू दोन खणांचं कपाट उघडून बसलेत आणि कुठल्या खणात टाकायचं ते कळेपर्यंत कुणाचा जीव थाऱ्यावर नाही.

या गोष्टीतल्या आईनं हा प्रश्न उभ्या जन्मात इतक्यांदा ऐकला होता की तिचे कान किटले होते. ती प्रसूतिगृहात आया होती. आतून टाहो ऐकू आला की बाहेर ताटकळलेली मंडळी दाराशी धावायची आणि ती हात पुसत बाहेर आली रे आली की तिच्यावर झडप घालायची, "काय झालं?" ती शांतपणे सांगायची, "बाळ झालं." "अहो, ते कळलं हो! पण काय?" "बाळ! खणखणीत गळा आहे. आधी आत जी अर्धमेली पडलीय तिची चौकशी करा, मग उरलेलं विचारा." लोक जाम चिडायचे. एकदा तर कुणीतरी वर तक्रार केली. तिला बोलावून समज दिली गेली, आणि ती समज तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली.

तिची स्वतःची तीन. थोरला, मधली आणि धाकटं. आता धाकटं का, धाकटा का नाही, धाकटी का नाही, म्हणून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. आपल्याच भाषेत बाळ रडतं, पोर झोपतं, लेकरू दमून येतं, तेव्हा कुणाच्या व्याकरणाला ताप भरत नाही. मग लेकराची उंची जरा वाढली की तीच भाषा धावत येते आणि त्याच्या अंगावरचं ते 'तं' ओरबाडून काढते. चल, हो आता 'तो', नाहीतर हो 'ती'. धाकट्यानं ते 'तं' परत दिलं नाही. एवढाच काय तो त्याचा गुन्हा. जन्माच्या कागदावर दोनातला एक शब्द लिहिलेला होताच. तो कोणता, ते मी सांगणार नाही. तुम्हाला आधी तेच हवंय, ठाऊक आहे मला. बसा ताटकळत.

धाकटं काचेच्या दुकानात कामाला होतं. खिडक्यांची तावदानं कापायची, कडा घासायच्या, लोकांच्या घरी जाऊन काचा बसवायच्या. मोठी काच खांद्याशी धरून जिना चढताना गिऱ्हाईक ओरडायचं, "भाऊ, सांभाळून हां!" आणि काच बसली, खाली सांडलेले तुकडे धाकटं झाडूनं गोळा करायला वाकलं, की तेच गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, त्या कोपऱ्यात पण राहिलंय बघा." माणूस तेच, कपडे तेच. ओझं उचललं की भाऊ, झाडू उचलला की ताई. दुकानाचा मालक पोट धरून हसायचा. हसेल नाहीतर काय, त्याला कुठे कुणी रोज असं सोलून बघत होतं!

आणि बोलणं? बोलणं म्हणजे रोजची कसरत. 'मी आलो' म्हटलं की एका खणात, 'मी आले' म्हटलं की दुसऱ्या. मग धाकटं वाक्याचं शेपूट चुकवत बोलायचं. 'मला निघायचंय.' 'माझं जेवण झालंय.' 'मी बघेन.' 'मी करत नाही जा!' हे शेवटचं वाक्य त्याचं फार लाडकं, कारण नकाराला शेपूट नसतं. ऐकणाऱ्याला काही जाणवायचंही नाही. पण रस्त्यातला खड्डा सवयीचा झाला म्हणून बुजत नाही, रोज पाय वाकडा टाकावाच लागतो.

एका ठिकाणी मात्र ही कसरत लागत नसे. संध्याकाळी दार वाजलं की आई आतून विचारायची, "आलंस?" झालं. तेवढ्यानं दिवसभराचा शीण उतरायचा.

म्हणजे आईला सगळं पहिल्या दिवसापासून कळलं होतं, असं कुणी समजू नका. सुरुवातीला घरात भांड्याला भांडं चांगलंच लागलं. केसांवरून, कपड्यांवरून, 'लोक काय म्हणतील'वरून. अबोले झाले. शेवटी एकदा बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "हे बघ, तुझं हे प्रकरण माझ्या डोक्यावरून जातं. मरो ते. पण तू मला कळतंस." आणि सोललेला बटाटा धाकट्याच्या हातात देऊन म्हणाली, "चीर." त्यानंतर त्या दोन खोल्यांच्या घरात तो विषय निघाला नाही, कारण निघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

थोरला वेगळा राहायचा. तो एका मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक होता आणि माणसांकडे खोक्यांसारखं बघायची त्याला खोड होती, हे इथे ठेवा, ते तिथे ठेवा. मधली आपल्या संसारात. दोघंही सणासारखी अधूनमधून उगवायची. पण आईच्या घरात नळ गळायला लागला की, "तू आहेस ना, बघ की." स्वतःकडचं कपाट हलवायचं असलं की, "दोन हात कमी पडतायत, ये जरा." आईला ताप भरला की, "घरात तूच असतंस, पथ्याचं तूच बघ." कामाला मुलगाही धाकटंच, मुलगीही धाकटंच. आणि चारचौघांत बसवायची वेळ आली की दोन्हीपैकी कुणीच नाही. वा रे न्याय!

एका सकाळी आईच्या हातातून कप सुटला. ती वाकून बघायला गेली आणि तशीच कलंडली. उजवं अंग लुळं पडलं. जीभ जड झाली. दवाखान्यात बरेच दिवस गेल्यावर एकेक शब्द परत यायला लागला. पाणी. नको. दिवा. कळत मात्र तिला सगळं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई सुनेच्या कागाळ्या सांगायला लागली की आई धाकट्याकडे बघून डोळे फिरवायची. पहिल्यांदा तिनं आपणहून काही विचारलं ते धाकटं कामावरून थेट तिच्या खाटेशी पोचलं तेव्हा. "आ... आलंस?" धाकटं तिथेच खाटेच्या कडेला डोकं टेकून ढसाढसा रडलं.

आणखी एक शब्द ती सारखा म्हणायची. घरी.

थोरल्यानं मात्र दुसरं ठरवून ठेवलं होतं. दवाखान्याच्या बोळात त्यानं मधलीला गाठलं. धाकटं शेजारीच उभं होतं, पण चारचौघांत थोरला त्याच्याशी थेट बोलत नसे, त्याच्याबद्दल बोलायचा. "शहराबाहेर वृद्धाश्रम आहे. स्वच्छ आहे. मी बोलून ठेवलंय."

"आईला घरी यायचंय," धाकटं म्हणालं.

"आईला आता काय कळतंय!" थोरला मधलीला म्हणाला. "आणि घरी करणार कोण? बाईमाणसाचं करायला बाईमाणूस लागतं. निर्णय घ्यायला बाप्यामाणूस लागतो. हे यातलं काय आहे? हे सांभाळणार आईला? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असलं हे!"

ऐकलंत? 'हे.' 'असलं.' आईच्या तोंडात जे 'तं' होतं तेच थोरल्याच्या तोंडातही होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात ना, त्यातलं कार्टं. शब्द तोच, पण एकीनं कडेवर घेतलं आणि एकानं चिमटीत धरून लांब धरलं. धाकट्याच्या मुठी वळल्या. मधली चपलेकडे बघत राहिली.

दवाखान्याचं म्हणणं होतं की आईंना आपलं भलंबुरं समजतंय असं दिसलं, तर त्या म्हणतील तिथे त्यांना सोडू. समजत नसेल, तर थोरला मुलगा म्हणेल तिथे. ते ठरवायला एक बाई येणार होत्या. मेंदूला धक्का बसल्यावर ज्यांची भाषा जाते त्यांना तपासणाऱ्या, बोलायला शिकवणाऱ्या. धाकट्यानं मनातल्या मनात त्यांचं नाव प्रश्नबाई ठेवलं. बाई वाईट नव्हत्या हो. तरुण, हसतमुख, आवाजात साखर. एखादीनं खेकसून वाट लावली तर निदान भांडता तरी येतं.

खाटेभोवती तिघंही उभी होती. प्रश्नबाईंनी चित्रं दाखवली. चावी, कात्री, घड्याळ. आईनं अडखळत, थांबत, पण बरोबर सांगितलं. डोळे मिटा म्हटल्यावर मिटले. डावा हात वर करा म्हटल्यावर केला. "आजी, तुम्ही काय काम करत होता?" आईनं बराच वेळ शोधलं आणि दोन्ही हातांची झोळी करायला गेली. उजवा हात उठेना, तर डाव्यानंच त्याला उचलून झोळी केली. "बाळ," ती म्हणाली. प्रश्नबाई खूश झाल्या. धाकट्याचा ऊर भरून आला.

"आता ह्यांच्याकडे बघा. हे कोण?"

"मुलगा," आई थोरल्याकडे बघून म्हणाली.

"आणि ह्या?"

"मुलगी."

"छान! आणि हे?" बाईंनी धाकट्याकडे बोट केलं.

आईचा चेहरा उजळला. इतका वेळ शोधशोधून काढावे लागणारे शब्द, पण हा आपल्या पायानं चालत आला. "लेकरू."

"हो आजी, पण नेमकं सांगा. मुलगा की मुलगी?"

"लेकरू."

"दोनातलं एक सांगा. मुलगा? की मुलगी?"

आईनं बाईंकडे असं बघितलं, जसं ती प्रसूतिगृहाच्या दारात लोकांकडे बघायची. मग डाव्या हाताची थाप गादीवर मारून म्हणाली, "ले-करू!"

"बरं. हे रोज तुम्हाला भेटायला येतात ना? मग हा रोज येतो, की ही रोज येते?"

"येतं," आई म्हणाली. "रोज. येतं."

प्रश्नबाईंच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. त्यांनी हळू आवाजात थोरल्याला सांगितलं, ऐकू मात्र सगळ्यांना गेलं. एकच शब्द पुन्हा पुन्हा येतोय, लिंगाचा घोळ होतोय, वस्तू ओळखतात पण ज्याच्यासोबत एका घरात राहतात त्या माणसाला ओळखत नाहीत. हे लक्षण चांगलं नाही.

"थांबा, थांबा," धाकटं म्हणालं. "ती ओळखते. तिनं बरोबर सांगितलंय. मी मुलगाही नाही आणि मुलगीही नाही. ती मला लेकरूच म्हणते, पहिल्यापासून. दोन उत्तरं बरोबर आली ना तिची? मग तिसरंच कसं चुकेल?"

बाईंनी मान तिरकी करून ऐकलं. "मला तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे," त्या म्हणाल्या. आणि हे वाक्य कानावर पडलं की खुशाल समजावं, आता आपलं काही होणार नाही. "पण चाचणीत दोनच उत्तरं आहेत. आजींना खरंच तसं म्हणायचंय की त्यांना शब्द सापडत नाहीये, हे मी कसं ठरवणार? घरच्यांपैकी कुणी सांगू शकेल का, की घरात तसंच म्हणतात?"

"काही तसं नाही," थोरला म्हणाला. "कागद बघा की. स्वच्छ लिहिलंय."

धाकट्यानं मधलीकडे बघितलं. मधलीला सगळं ठाऊक होतं. आईच्या तोंडचं 'आलंस' तिनं हजारदा ऐकलं होतं. तिनं ओठ उघडले, थोरल्याकडे बघितलं आणि ओठ मिटले.

मग मात्र धाकट्याचा तोल गेला. "चूक तुमच्या कागदात आहे!" ते इतक्या जोरात ओरडलं की पलीकडच्या खोलीतून माणसं डोकावली. "शाबूत फक्त हिचं डोकं आहे इथे! अर्धं अंग गेलंय, जीभ गेलीय, तरी तिला जे दिसतं ते तुम्हाला एवढ्या धडधाकट डोळ्यांनी दिसत नाही! बघा की माझ्याकडे! बघा!"

"बघितलंत?" थोरला प्रश्नबाईंना अगदी नम्रपणे म्हणाला. "असं आहे हे. ह्याच्या हवाली करायची का आईला, तुम्हीच सांगा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला सांगा, गप्प बसावं तर कबूल केलंय, ओरडावं तर डोकं फिरलंय. मग करायचं काय माणसानं?

जिन्यात धाकट्यानं मधलीला धरलं. "तुला तोंड नव्हतं?"

"माझं कधी चाललंय का त्याच्यापुढे?" मधली रडायला लागली. "लहानपणापासून त्यानं बोलायचं, मी चहा टाकायचा. तुझं बरं आहे, तू दोन्हीकडून बाहेर पडलंस. मी आतच आहे अजून." मग नाक पुसून ती हळूच म्हणाली, "मी त्या बाईंशी बोललेय. चार दिवसांनी पुन्हा बघायला तयार आहेत त्या. सगळं नीट आलंय, एवढं एकच अडलंय म्हणाल्या. तू शिकव ना तिला. कागदावर जे आहे ते म्हणायला शिकव. एकदा म्हणू दे आणि घरी घेऊन जा. एक शब्द तर आहे."

एक शब्द तर आहे! ज्याच्या पायात कधी काटा मोडला नाही तोच असं म्हणणार. धाकटं तिथून ताडताड निघालं. संध्याकाळभर दुकानात काचा घासत बसलं. आणि घासता घासता त्याला आईची ती नजर आठवली, 'घरी' म्हणतानाची. वृद्धाश्रमात तिला कोण विचारणार होतं? तिचे अर्धे शब्द कोण पुरे करणार होतं? शेवटी मान तुकवली त्यानं. आईसाठी तुकवली, आणखी कुणाच्या बापासाठी तुकवली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आईच्या खाटेशी बसलं. शिकवायची रीत त्यानं प्रश्नबाईंना दुसऱ्या रुग्णाला शिकवताना बघून उचलली होती. आईचा तळहात आपल्या हातात घ्यायचा, एकेका अक्षराला बोटानं टकटक करायची, अक्षर तोंडानं मोठ्यानं म्हणायचं, मग तिला म्हणायला लावायचं. धाकट्यानं दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि तो शब्द उच्चारला.

ज्या शब्दापासून वर्षानुवर्षं पळालं, ज्याच्यासाठी वाक्यांची शेपटं तोडली, तो शब्द स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तरी दुसरं कुणी देतं. इथे मारणारंही धाकटंच आणि खाणारंही धाकटंच.

आईनं मान हलवली. नाही.

"म्हण ना, आई." टक, टक.

आईनं ओठ घट्ट मिटले. धाकट्यानं पुन्हा म्हटलं तेव्हा तिनं आपला डावा हात सोडवून घेतला आणि तो धाकट्याच्या तोंडावर ठेवला. गप्प. असलं बोलू नकोस.

आणि धाकटं तिच्यावर ओरडलं. आयुष्यात पहिल्यांदा. "हात काढ! घरी यायचंय की नाही? की मरायचंय तिकडे जाऊन? मग म्हण! तुला काय वाटतं, मला हौस आहे? म्हण म्हणतेय ना दुनिया, मग म्हण!" शेजारच्या खाटेवरची बाई कागाळ्या विसरून बघत राहिली. आईच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, त्या वाकड्या झालेल्या बाजूच्या डोळ्यातूनही. धाकटं स्वतःला हजार शिव्या घालत तिचे डोळे पुसत होतं आणि पुसता पुसता परत टकटक करत होतं.

तिनं म्हटलं. आधी अर्धा, मग पुरा. धाकट्यानं "शाबास" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग पुन्हा. आणि पुन्हा. रोज दुपारी दुकानातून सुट्टी काढून. जेवणाआधी, जेवणानंतर, केस विंचरताना. शब्द पक्का बसला पाहिजे होता. ऐनवेळी 'लेकरू' निसटून पुढे यायला नको होतं. म्हणून ते आलं की धाकटं लगेच "नाही, नाही" म्हणायचं. स्वतःच्याच आईला, आपल्याला लेकरू म्हटल्याबद्दल. असा छळ कुठल्या वैऱ्याला तरी सुचेल का?

प्रश्नबाई ठरल्या दिवशी आल्या. थोरला आला. मधली आली. "आजी, हे कोण?"

आईनं धाकट्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत तिनं कागदावरचा शब्द सांगितला. स्वच्छ, न अडखळता.

"अगदी बरोबर!" बाईंनी आनंदानं टाळी वाजवली. त्यांना खरंच आनंद झाला होता. "आणि कुठे जायचंय तुम्हाला?"

"घरी."

खरं बोलली तेव्हा भ्रमिष्ट ठरली आणि खोटं बोलली तेव्हा शहाणी. पण ती घरी आली, हे खरं. थोरल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो तडक गाडीत बसून गेला. मधलीनं धाकट्याचा हात दाबला आणि म्हणाली, "बघ, झालं की नाही काम?" धाकट्यानं उचलून आईला घरात आणलं, खिडकीपाशी बसवलं. त्या खिडकीची काच त्याचीच होती. त्या दिवशी दोघांनी बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि धाकट्याला वाटलं, सुटका झाली एकदाची.

तिसऱ्या दिवशी ते कामावर गेलं. मधली आईपाशी बसायला आली होती. संध्याकाळी धाकट्यानं दार वाजवलं आणि उंबऱ्यातच थांबलं, आतून हाक यायची म्हणून.

आईचे ओठ हलले. ती शोधत होती. मग आला, आपल्या पायानं चालत, कागदावरचा शब्द.

आईला स्वतःलाच धक्का बसला. तिनं जोरात मान हलवली. नाही, नाही, हे नाही. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तोच. तिनं डाव्या हातानं आपलं तोंड पुसलं, जणू काही लागलंय तिथे, आणि पुन्हा म्हणायला गेली. तोच. धाकट्यानं पुढे होऊन तिचा तळहात धरला, "असू दे गं, असू दे, दमलीयेस तू." तिनं हात हिसकावून घेतला आणि जवळचा चमचा भिंतीवर भिरकावला.

मग रोज तेच. दुपारभर शिकवलेलं पक्कं बसलं होतं आणि जन्मभर आपोआप यायचं ते त्याखाली कुठेतरी गाडलं गेलं होतं. धाकट्यानं उलटी शिकवणी लावून बघितली. टक, टक, टक, ले, क, रू. आई जीव तोडून ओठांचा आकार करायची, 'ले' यायचाही कधी कधी, आणि पुढे घसरून पुन्हा कागदावरचाच शब्द. 'आलंस' तर गेलंच. त्याच्या जागी त्या शब्दाला शोभेल असं शेपूट लावून ती विचारायची, आणि विचारून झाल्यावर डोळे मिटून घ्यायची. तिला कळत होतं. तेच तर वाईट होतं. खरोखर भ्रमिष्ट असती तर तिला काही वाटलं तरी नसतं.

"अगं, चालेल," धाकटं म्हणायचं. "काहीही म्हण. मी ओ देईन." आणि ओ द्यायचं. पण आतून असा काही संताप उसळायचा की काच कापताना रेघ वाकडी जायची आणि मालकाला सांगावं लागायचं, आज मला कापकाम नको. कुणावर काढायचा तो राग? थोरल्यावर? तो आता फिरकतही नव्हता. मधलीवर? ती येऊन आईची वेणी घालून, मुकाट भांडी घासून जायची. स्वतःवर काढायचा, तर तोही काढून झाला होता.

महिनाभरानं प्रश्नबाई घरी आल्या, प्रगती बघायला. खुर्ची ओढून आईसमोर बसल्या, तीच चित्रं काढली. आई त्यांच्याकडे बघेना.

"आजी, रागावलात माझ्यावर? बरं, एकच सांगा. हे कोण?"

शब्द आला. झटकन, ठसठशीत, कुठेही अडकला नाही. आणि आल्याबरोबर आईनं डावी मूठ आवळून खुर्चीच्या हातावर आपटली. पुन्हा आपटली. घशातून एक आवाज काढला, ज्याला कुठल्याच भाषेत शब्द नाही.

"अरे वा! काय स्पष्ट आलाय शब्द!" बाई म्हणाल्या आणि मग जरा गोंधळून धाकट्याकडे वळल्या. "ह्या चिडल्या का एवढ्या? उलट किती सुधारणा आहे. आता तुम्हाला अगदी नीट ओळखतात."

धाकट्यानं आईची मूठ आपल्या हातांत घेतली. बोटं एकेक करून सोडवली. तळव्यात नखांचे वण उमटले होते.

"आधी ओळखत होती," धाकटं म्हणालं. "मग आपण मिळून तिला बरं केलं."